शेंदराखालची बाई

आमच्या गावात कुणाचं डोकं फिरलं की लोक म्हणायचे, "त्याला इटली लागली." भूत लागतं, नजर लागते, तशी इटली लागते. असं म्हणणारे आता बहुतेक गेले. त्यांच्या नातवंडांच्या तोंडी हे शब्द अजून कधीमधी येतात, पण ते आले कुठून हे त्या पोरांना ठाऊक नाही. मला ठाऊक आहे. ते आमच्या घरातून निघाले. इटली लागलेला पहिला माणूस माझा थोरला भाऊ, गणपतदादा. ज्यांनी त्याला ते नाव ठेवलं, त्यांच्याच पाया पडून मी लग्नाच्या बोहल्यावर चढले.

कर्जतजवळची दहिवली मागे टाकून उल्हास नदीच्या काठाने चालत गेलं की आमचं गाव यायचं. आज तिथे मुंबईकरांची शनिवार-रविवारची घरं आहेत आणि रस्त्यावर पाटी आहे, 'निसर्गाच्या कुशीत'. तेव्हा त्या कुशीत आम्हीच होतो आणि ती काही फार मऊ नव्हती. घरात आबा, आई, दादा आणि मी. भाताची थोडी खाचरं, एक बैलजोडी, पडवीत जातं आणि उखळ. लढाई सुरू झाली आणि रॉकेल मिळेनासं झालं, तशी आई दिवेलागणीच्या आत जेवणं उरकून घ्यायला लागली. नाचणीची भाकरी आणि सुकटाचं कालवण. बरं चाललं असेल तेव्हा तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं. एक दिवस दादा कर्जतला पेंढा विकायला गेला तो भरतीवाल्यांच्या ट्रकात बसूनच गेला. बैलगाडी शेजाऱ्याने परत आणली. आबांनी कितीतरी दिवस त्याचं नाव काढलं नाही. आईने काढलं, पण माणसांजवळ नाही. घाट चढणाऱ्या गाडीला कर्जतला मागून जादा इंजिनं जोडत, त्यांची शिट्टी शेतं ओलांडून आमच्या पडवीपर्यंत यायची. ती ऐकली की आई हातातलं काम थांबवायची, गावदेवीच्या दिशेला तोंड करून हात जोडायची आणि म्हणायची, "माजं पोर परत आन गं बाय. तुला रुप्याचं डोळं करीन."

ही गावदेवी वेशीवरच्या चिंचेखाली होती. देवी म्हणजे कमरेएवढा शेंदराचा गोळा. तिला नाक नव्हतं, तोंड नव्हतं, हात नव्हते. वर दोन पितळी डोळे चिकटवलेले, तेही काळवंडलेले. चैत्रातल्या जत्रेच्या आदल्या दिवशी तिला न्हाऊ घालून तेलात कालवलेला नवा शेंदूर चढवायचा, आणि हा मान आमच्या घराचा. आमच्याकडे दुसरं मिरवण्यासारखं काही नव्हतं, त्यामुळे आई तो मान जीव लावून सांभाळायची. पिढ्यान्‌पिढ्या थरावर थर चढत गेले की कधीतरी ते कवच आपसूक गळतं. आईच्या सासूने ते एकदा पाहिलं होतं. पाहिलं म्हणजे, पाहिलं नव्हतं. कवच गळायला लागलं की देवीवर तत्काळ पांढरं वस्त्र टाकायचं, गळलेला शेंदूर टोपलीत घालून वाजतगाजत नदीत सोडायचा, आणि नवा शेंदूर वस्त्राखाली हात घालून, चाचपून लावायचा. उघडी देवी कुणी बघायची नाही. ज्याच्या घरचा मान त्यानेही नाही. असं का, हे कुणी विचारत नव्हतं. मीही विचारलं नाही.

लढाई संपली आणि त्या हिवाळ्यात दादा परत आला. हातीपायी धड, अंगावर खाकी कोट, आणि बोलण्यात मधूनच पलटणीतली हिंदी. आईने त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि दुसऱ्याच दिवशी आपल्या पायातले वाळे कर्जतच्या सोनाराकडे डोळे घडवायला दिले. संध्याकाळी पडवीत पोरं-माणसं जमायची ती लढाईच्या गोष्टी ऐकायला. तोफा किती, माणसं किती पडली, गोऱ्यांनी काय खायला घातलं. दादा त्यातलं काही सांगायचा नाही. तो चित्रांचं सांगायचा. फ्लोरेन्स नावाच्या शहराबाहेर टेकडीवर एक मोठा जुना बंगला होता, पलटण तिथे शिरली तर आत भिंतीला टेकून चित्रंच चित्रं उभी. शहरातल्या संग्रहालयातून बाँबच्या भीतीने आणून लपवलेली. बाहेर तोफगोळे पडत होते आणि दादाला हुकूम झाला, चित्रांवर पहारा दे. "भाताच्या कणग्या रचाव्या तशी रचल्याली," तो म्हणायचा. "एकात बाया व्हत्या, संत्र्यांच्या बागंत, अनवानी. पायाखाली फुलं. मी रात रात त्यांच्यापुढं हुबा. घरी कुनाकडं इतका येळ बगितलं नसंल."

लोकांना यात काही रस नव्हता. आबा तर उठूनच जायचे. पण दादा थांबायचा नाही. रजेवर असताना त्यांना ट्रकात घालून रोम दाखवलं होतं. तिथे नाक तुटलेले, हात तुटलेले दगडी पुतळे, आणि त्यांच्याभोवती माणसं देवळातल्यासारखी गप्प. नेपल्समध्ये राखेखाली गाडल्या गेलेल्या गावातल्या वस्तू मांडल्या होत्या. "जळाल्याली भाकरी हाय तिथं आई, काळी ठिक्कर. काचंत ठिवलीया." यावर आई पदर तोंडाला लावून इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. "माज्या तर रोज जळत्यात रं. बोलाव की तुज्या सायबांना." आई अशी हसलेली मला नंतर आठवत नाही. दादाला मात्र सगळ्यात जास्त आठवायचा तो फ्लोरेन्सचा एक म्हातारा. लढाई थांबल्यावर चित्रं परत शहरात नेली, तेव्हा दादा सामान उतरवायला होता. एका खोलीत तो म्हातारा काजळी धरलेल्या चित्रापुढे बसून कापसाच्या बोळ्याने एका बाईचा चेहरा पुसत होता. अर्धं तोंड काळं, अर्धं उजळ. "नातवंडं असल्याली म्हातारी म्हनून बगत व्हतो," दादा म्हणाला, "आन् पुसल्यावर बगतो तर तुज्याएवडी पोरगी गं, शांते." मी तेव्हा बारा-तेरा वर्षांची होते. नुकतंच खालापूरकडचं एक स्थळ मला सांगून आलं होतं आणि जत्रेनंतर बोलणी पक्की व्हायची होती.

पाचसात वर्षांपूर्वी नात मला इटलीला घेऊन गेली. तिला नोकरीनिमित्त तिथे राहायला मिळालं होतं आणि आजीला काय दाखवू न काय नको, असं झालं होतं. फ्लोरेन्सच्या संग्रहालयात उन्हात रांग लावून आम्ही आत गेलो. संत्र्यांच्या बागेतल्या बाया मला बघितल्याबरोबर ओळखू आल्या. दादाने त्यांचं एकही फूल चुकीचं सांगितलं नव्हतं. लोक त्यांच्याकडे पाठ करून स्वतःचे फोटो काढत होते. मी नातीला म्हटलं, माझ्या भावाने या चित्रापुढे बंदूक घेऊन पहारा दिलाय. ती म्हणाली, "काय सांगतेस आजी! थांब, इथे उभी राहा, फोटो काढते." मी उभी राहिले. फोटोत माझं तोंड आंबट आलंय असं सगळे म्हणतात. आंबट नाही, कडू आहे. त्या बायांना वाचवायला आमच्या कर्जत-खालापूरची, साताऱ्याची, कोकणातली पोरं चालली, त्याबद्दल त्या भिंतीवर मला तरी एक ओळ दिसली नाही. पण त्यांना काय बोलावं? ते परके. आपल्या माणसांनी जे केलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

जत्रेच्या आदल्या दिवशी घरात पाय ठेवायला जागा नव्हती. आई वड्यांचं पीठ मळत होती, चुलीवर कोंबडीच्या रश्श्याचं वाटण भाजत होतं, आबा पाटलांकडे मांडवाच्या कामाला. रुप्याचे डोळे घडून आले होते, हळदीच्या फडक्यात गुंडाळलेले. आई म्हणाली, "गनपत, तू आन् शांती जावा, देवीला न्हाऊ घाला, जुनं पितळी डोळं काडून ठिवा. मी हात धुऊन येते, मंग शेंदूर लावू आन् डोळं बशीवू." तुझ्याचसाठी बोललेला नवस तूच फेडायला हवास, असं तिला वाटलं. शेंदराची वाटी आणि तेलाचा तांब्या तिने आपल्या हातांनी त्याच्याकडे दिला. पुढे पंचांसमोर कुणीतरी हेच तिला ऐकवलं.

भर दुपार होती. वेशीवर चिटपाखरू नव्हतं. दादाने पाणी घातलं, पितळी डोळे काढले, आणि डोळ्यांच्या जागेखालचा एक पोपडा त्याच्या हातात आला. तळहाताएवढा. आत काळा दगड आणि दगडावर ओळीने कोरलेल्या बांगड्या. मी म्हटलं, दादा, वस्त्र टाक, आईला बोलावू. त्याने ऐकलंच नाही. "शांते, बांगड्या हायत गं हिच्या हातात," तो म्हणाला आणि उपरण्याची चिंधी फाडून तेलात बुडवली. मग तो जे करायला लागला ते मी कधी विसरणार नाही. हात फिरवावा तसं तेल फिरवायचा, थांबायचा, बांबूची कामटी अलगद आत सारायचा, आणि शेंदूर गुळाच्या ढेपेसारखा सुटून यायचा. वर केशरी, मग तांबडा, मग काळपट. त्याचा चेहरा असा झाला होता की त्याला थांबवणं मला जमलंच नाही. आणि खरं सांगायचं तर मलाही बघायचं होतं.

वर सूर्य आणि चंद्र. त्याखाली खांबातून निघालेला एक हात, कोपरात वाकलेला, बांगड्यांनी भरलेला, पंजा उघडा. आणि त्या हाताखाली बसलेली एक बाई. चेहरा लिंबाएवढा, पण नथीसकट सगळा शाबूत. शेंदराने तिला ऊन-पाऊस काही लागू दिलं नव्हतं. डोळे टक्क उघडे होते. समोर जो उभा राहील त्याच्याकडे ती बघत होती. दादा पुसता पुसता गुडघ्यांवर बसला. "ही देवी नाय गं," तो हळूच म्हणाला. "बाई हाय. कुनाची तरी पोर आसंल." अशा दगडाला सतीचा दगड म्हणतात, नवऱ्यामागे जाळलेल्या बाईचा, हे मला फार पुढे कळलं. पहिल्यांदा कुणी तिला शेंदूर फासला असेल तो भक्तीने, असं सगळे म्हणतील. मला आता तसं वाटत नाही. तिचं ते बघणं कुणाला तरी सोसलं नसणार.

एवढ्यात मांडवाचं काम आटपून पाटील आणि चार माणसं वेशीवर आली, त्यांच्यात आबाही. पाटलांनी एकदा पाहिलं आणि डोक्याचं पागोटं सोडून धावत जाऊन दगडावर टाकलं. "कातडं सोललंस रं आईचं," म्हातारा ओरडला. दादा म्हणाला, "सोललं नाय पाटील, पुसलं. येकदा बगा तरी, केवडी सुंदर हाय." आबांनी त्याच्या थोबाडीत मारली. पलटणीतून आलेला जवान मुलगा, त्याने मार खाल्ला आणि आबांचा हातही धरला नाही. ओढाताणीत पागोटं घसरून खाली आलं, आणि त्याच वेळी आई आली. हातात हळदीचं फडकं, कपाळावर पिठाचा हात लागलेला. तिने काय समजायचं ते समजून डोळे गच्च मिटले. बाकीच्यांनीही माना फिरवल्या होत्या. गावाच्या वेशीवर भर दुपारी एवढी माणसं उभी आणि एकाचेही डोळे समोर नाहीत.

दादा आईजवळ गेला. "आई, डोळं उगड. तू येवडी वर्सं शेंदूर लावलास, तू तरी बग कुनाला लावत व्हतीस."

"वस्त्र टाक," आई म्हणाली.

"टाकतो. येकदा बग आन् मंग टाकतो. तुला ती कायबी करनार नाय."

"गनपत, वस्त्र टाक."

त्याने तिचा हात धरून दगडाकडे न्यायचा प्रयत्न केला, लहान मुलाला चंद्र दाखवतात तसा. तिने हात हिसडला. रुप्याचे डोळे फडक्यातून निसटून मातीत पडले. ते मी उचलले. शेवटी दादानेच पागोटं उचलून त्या बाईच्या अंगावर नीट पांघरलं, आणि मगच आईने डोळे उघडले. दादाकडे न बघता ती घरी चालू लागली.

त्या वर्षी जत्रा झाली नाही. गाव चिंचेखाली बसलं, 'गनपतला इटली लागली' म्हणालं, आणि ठरलं ते असं: मान आमच्या घरातून गेला, पाटलांकडे आला. आणि गणपत गावात राहिला तर आमच्याशी भात लावायला कुणी येणार नाही, विस्तव मिळणार नाही, पोरीच्या लग्नात कुणी अक्षता टाकणार नाही. खालापूरचे पाहुणे हे कानावर गेल्याबरोबर नकाराचा निरोप धाडतील, हेही कुणीतरी जाता जाता बोलून गेलं. आबा खाली मान घालून बसले होते. त्यांनी तोंड उघडायच्या आत बायकांमधून आईचा आवाज आला. "मी त्याला धाडते. माज्या पोरीला नाडू नका." म्हणजे माझ्या अक्षतांसाठी दादा गेला. हे मला कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मी काय म्हणाले असते कोण जाणे, पण विचारायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने खाकी कोट घातला. आईने भाकऱ्या बांधून दिल्या, सुकटाची चटणी दिली, सगळं रीतसर. उंबऱ्यात तो म्हणाला, "आई, तिकडं लोकं दुसऱ्याच्या देवांना जीव लावत्यात. मी आपलीलाच बगितलं." आई म्हणाली, "बगितलंस ना? मंग आता जा." मी वेशीपर्यंत गेले. पागोट्याखाली हात घालून पाटलांच्या घरच्या बायका नवा शेंदूर थापत होत्या. हात आत, माना बाहेर वळवलेल्या. दादा तिथे थांबला, बघून घेतलं, आणि कर्जतच्या वाटेला लागला.

माझं लग्न झालं. खालापूरकडचं स्थळ, शिळफाट्याजवळ खोपोलीत बिऱ्हाड. नवरा बरा होता, म्हणजे मारत नव्हता आणि बोलतही नव्हता. एवढ्यासाठी एक भाऊ गेला, असं मी भाकऱ्या थापताना कितीदा म्हटलं असेल. दादाला मुंबईला गोदीत पहारेकऱ्याची नोकरी मिळाली. त्याच्या कपाळी पहाराच होता. मला भेटायला यायचा तेव्हा कर्जतला खोपोलीच्या गाडीसाठी थांबावं लागायचं. तिथे तो बाकावर गावाकडे पाठ करून बसायचा, हे मला त्यानेच हसत सांगितलं. मुंबईतही मोठं संग्रहालय आहे, तिथे जातोस का, मी विचारलं. "नाय," म्हणाला, "आता दगडांच्या तोंडाकडं बगवत नाय." तो गेला तेव्हा गोदीतली चार माणसं आणि मी. आबा आधीच गेलेले. आईला निरोप धाडला होता. ती आली नाही.

आबांच्या मागे आई गावात एकटी राहायची. दर चैत्रात गावदेवीच्या रांगेत सगळ्यात शेवटी उभी राहायची, कुणाचा मान नाही, कुणाचं बोलावणं नाही, तरी ओटी भरून यायची. तिचे रुप्याचे डोळे गावाने घेतले नाहीत. पुन्हा पितळीच बसवले. रुप्याचे आता माझ्या कपाटात कुंकवाच्या जुन्या डबीत आहेत. हात-पाय थकल्यावर मी तिला खोपोलीला घेऊन आले. आम्ही दोघी एकमेकींशी दळण, पाणी, औषध एवढंच बोलायचो. दादाचं नाव माझ्या घरात निघायचं नाही. मी काढलं असतं, पण मला तिच्या तोंडून ते ऐकायचं होतं, आणि ती काही ऐकवेना.

एका दुपारी ती सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. डोळ्यांना दिसत नव्हतं, बोटांनीच खडे काढायची. एकदम म्हणाली, "शांते, तू बगितलंस ना गं तवा?"

मी म्हटलं, "काय?"

"तिला." सूप थांबलं होतं. "कशी व्हती?"

इतकी वर्षं मी या प्रश्नाची वाट बघत होते. खरं सांगावं, चांगलं झोंबेल असं सांगावं, असं माझ्या मनात उसळून आलं. मी हाताचं सांगितलं, बांगड्यांचं, चंद्रसूर्याचं. ती मान हलवत राहिली. मग तिने विचारलं, "आन् चेहरा?"

मी तिच्याकडे बघितलं. बोटं तांदळात तशीच रुतलेली.

"झिजल्याला व्हता," मी म्हटलं. "नाक-डोळं काय नव्हतं."

"मंग बरं," आई म्हणाली आणि पुन्हा सूप हलवायला लागली. "मला आपलं वाटायचं, मी त्याला जा म्हनाले, तवा ती माज्याकडं बगत व्हती."